युकुलेले सारखं उतरतं, सुरात लागतच नाही: आधी काय काय तपासायचं

नवीन युकुलेले घेतलेल्या प्रत्येकाची तक्रार ऐकायला सारखीच असते, "हे सुरात राहतच नाही", पण थोडं खोदून विचारलं की आजार वेगवेगळे निघतात आणि इलाजही वेगळे. म्हणून आधी तुमची लक्षणं कुठली ते बघा.

पहिलं लक्षण: ट्यूनर (कुठला सूर वाजतोय ते दाखवणारं यंत्र किंवा ॲप) भलताच सूर दाखवतो, खुंट्या पिळून पिळून हात दुखतो तरी पाहिजे तो सूर येत नाही, किंवा येता येता तारच तुटते.

दुसरं: सूर व्यवस्थित लागतो, पण एक गाणं संपेपर्यंत उतरतो. दुसऱ्या दिवशी बघावं तर चारही तारा खाली.

तिसरं: खुंटी सोडली की स्वतःहून उलटी फिरते, किंवा खुंटी फिरवतोय पण सूर हलत नाही आणि मग एकदम टक् आवाज होऊन पुढे उडी मारतो.

चौथं, आणि हे सगळ्यात जास्त डोकं खातं: मोकळ्या चारही तारा ट्यूनरवर हिरव्यागार, पण कॉर्ड (एकदम वाजवायचे तीन-चार सूर) धरली की बेसूर.

ओळखीपाळखीतली युकुलेले माझ्याकडे येतच असतात आणि बहुतेक वेळा वाद्यात बिघाड नसतोच, ट्यूनरचं सेटिंग किंवा नव्या तारा एवढंच कारण असतं. त्यामुळे खालचा क्रम मोडू नका. फुकटात होणारं आधी, पाना-स्क्रूड्रायव्हर नंतर, आणि दुरुस्तीवाला सगळ्यात शेवटी.

ट्यूनर नक्की काय सांगतोय

सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर या तिन्ही साइझचं नेहमीचं ट्यूनिंग एकच, जी-सी-ई-ए. वाद्य वाजवायला धरलं की हनुवटीजवळची चौथी तार जी, मग सी, मग ई, आणि जमिनीकडची पहिली तार ए. पेटी वाजवणाऱ्यांसाठी सांगायचं तर पांढरी एकचा सा धरा, मग चौथ्या तारेपासून सूर होतात प, सा, ग, ध, सगळे शुद्ध आणि सगळे एकाच सप्तकातले.

हे शेवटचं वाक्य परत वाचा, कारण गिटारची सवय असलेले इथेच हमखास फसतात. त्यांना वाटतं वरची तार म्हणजे सगळ्यात खालचा सूर. युकुलेलेवर तसं नाही, सगळ्यात खालचा सूर तिसऱ्या तारेचा, सी चा, आणि वरची जी त्याच्यापेक्षा उंच. लो-जी नावाचा वेगळा प्रकार आहे पण त्याला जाड तार लागते, आणि ती तुम्ही मुद्दाम लावली नसेल तर तुमचं हाय-जीच समजा. आता गंमत अशी की साधा ट्यूनर फक्त "जी" दाखवतो, कुठल्या सप्तकातला ते सांगत नाही, त्यामुळे तार एक सप्तक खाली लोंबकळत असली तरी तो हिरवा होतो आणि आपण खूश. तपासायचं असेल तर चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) दाबून वाजवा, पहिली मोकळी वाजवा, दोन्ही हुबेहूब एकच सूर यायला पाहिजे. चौथी घोगरी आणि बरीच खाली वाटली तर ती सप्तकभर खाली आहे, चढवा.

दुसरी गोष्ट, हिरवा दिवा म्हणजे "बरोबर" असं नाही. हिरवा दिवा म्हणजे "स्क्रीनवर जो सूर लिहिलाय त्यावर तार अगदी नेमकी आहे" एवढंच. स्क्रीनवर एफ शार्प लिहिलंय आणि दिवा हिरवा, म्हणजे जी अजून एक फ्रेट दूर आहे. कितीतरी लोक अक्षर नीट बघतात पण शेजारची ती छोटी जाळीसारखी खूण बघतच नाहीत, आणि जी ऐवजी जी शार्प लावून बसतात. क्रम डोक्यात ठेवा: सी, सी शार्प, डी, डी शार्प, ई, एफ, एफ शार्प, जी, जी शार्प, ए, ए शार्प, बी, आणि परत सी. तिसऱ्या तारेवर बी दिसतोय तर चढवा, डी दिसतोय तर उतरवा. सुई मधल्या रेषेच्या डावीकडे म्हणजे सूर खाली, उजवीकडे म्हणजे वर. आणि अंदाज येत नसेल तर आंधळेपणाने घट्ट करत जाऊ नका, उलट तार पूर्ण सैल सोडा आणि खालून सावकाश वर या, नव्या माणसाच्या तारा तुटतात त्या ९९ टक्के सूर मागे टाकून पुढे पिळत गेल्यामुळेच, असं मी छातीठोकपणे सांगेन, भले आकडा मोजलेला नसो.

तिसरं, क्लिपवाल्या ट्यूनरवर मोड बदलायचं बटण असतं. गिटार किंवा व्हायोलिन मोड पडला असेल तर तो भलत्याच तारांची नावं शोधत बसतो. यू म्हणजे युकुलेले, नाहीतर सरळ क्रोमॅटिक (सगळे बारा सूर ओळखणारा मोड) ठेवा. आणि त्याच स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक आकडा असतो (ए चा सूर किती हर्ट्झचा धरायचा तो), तो ४४० आहे का बघा. बटण चुकून दाबलं जाऊन तो ४३२ किंवा ४४५ झालेला असतो आणि मग एकट्याने वाजवताना काहीच कळत नाही, पण दुसऱ्या कुणाबरोबर वाजवायला बसलात की तुम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि एकत्र मात्र भयाण. ४३२ आणि ४४० मधला फरक साधारण एका फ्रेटच्या एक तृतीयांश आहे, म्हणजे कान तयार नसला तरी टोचतो.

सेल उतरला असला तरी ट्यूनर वेडावाकडा वागतो. स्क्रीन फिकी दिसली की आधी सेल बदला.

मोबाइलचं ॲप वापरत असाल तर ते माइकवर ऐकतं, त्यामुळे पंखा, टीव्ही, शेजारी बोलणारा माणूस, सगळं त्याच्या कानात जातं. क्लिपवाला ट्यूनर लाकडाचं कंपन पकडतो, त्याला गोंगाटाचं काही नाही. नवीन माणसाने क्लिपवालाच वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

खुंटी तीच आहे ना?

हसू नका. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या असतात ते टोक, वर करून समोरून बघितलं तर डावीकडची खालची, म्हणजे नटच्या (हेडस्टॉक आणि मान यांच्यामधली खाचांची पट्टी) जवळची खुंटी जी ची, तिच्या वरची सी ची, उजवीकडची वरची ई ची आणि खालची ए ची. घाईत लोक ई वाजवतात आणि ए ची खुंटी फिरवतात, सूर हलत नाही म्हणून अजून फिरवतात, आणि मग शेजारची तार फट्. खुंटी फिरवताना तार वाजतीच ठेवा, सूर हलताना ऐकू आला पाहिजे. नाही आला तर थांबा आणि बोटाने तार खुंटीपर्यंत माग काढत जा.

लावायची पद्धत

एका वेळी एकच तार, बाकीच्या तीन तळहाताने हलकेच दाबून ठेवा कारण त्याही सोबत झंकारतात आणि ट्यूनर गोंधळतो. अंगठ्याच्या मांसल भागाने, बाराव्या फ्रेटच्या आसपास, हळू वाजवा. जोरात छेडलं की पहिल्या क्षणी सूर थोडा चढा निघतो मग खाली बसतो, आणि आपण त्या चढ्या क्षणाकडे बघून खुंटी उतरवतो. म्हणून वाजवा, क्षणभर थांबा, मग सुई बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सूर नेहमी खालून वर येत लावा. तार चढी झाली तर नुसती उतरवून सुरावर थांबू नका, सुराच्याही खाली न्या आणि परत वर या. खुंटीच्या दात्यांमध्ये थोडी मोकळीक असते, उतरवत थांबलात की ती मोकळीक तशीच राहते आणि दोन-चार स्ट्रोकमध्ये तार ती खाऊन टाकते, सूर खाली. एवढी एक सवय लागली तरी "सूर राहत नाही" वाल्या निम्म्या लोकांचं काम होतं.

चारही लावून झाल्या की पहिल्या तारेपासून परत एकदा फिरा, कारण एका तारेचा ताण बदलला की बाकीच्या थोड्या हलतात.

ट्यूनर जवळ नसेल तर तिसरी तार फोनवरच्या किंवा पेटीवरच्या सी ला लावा, २६१.६ हर्ट्झ. तिसरी चौथ्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या ई चा सूर, ई तिसऱ्या फ्रेटवर म्हणजे जी, पाचव्यावर म्हणजे ए. पेटी जुनी असेल तर ती स्वतःच थोडी उतरलेली असू शकते, पण एकटे वाजवणार असाल तर चालतं, चार तारा एकमेकींशी जुळल्या म्हणजे झालं.

नव्या तारा, म्हणजे दुसऱ्या लक्षणाचं खरं कारण

युकुलेलेच्या तारा म्हणजे नायलॉन किंवा तसलंच प्लास्टिक, फ्लुरोकार्बन वगैरे, आणि प्लास्टिक ताणलं की लांबत राहतं. कपडे वाळत घालायची नवी दोरी कितीही कसून बांधली तरी पहिले काही दिवस झोळ पडतोच ना, तसंच. त्यामुळे नव्या तारांचं युकुलेले दर दहा मिनिटांनी उतरत असेल तर तो बिघाड नाही, ते तसंच असतं, रोज वाजवलं तर साधारण आठवडाभरात बसतं. दुकानातून नवीन आणलेलं वाद्य असलं तरी हेच लागू, तारा नव्याच असतात.

लवकर बसवायच्या असतील तर अशा बसवा: सूर लावा, मग तार बाराव्या फ्रेटजवळ चिमटीत धरून फ्रेटबोर्डपासून बाहेर सावकाश ओढा, बोटाच्या जाडीएवढीच, नटपासून ब्रिजपर्यंत (वाद्याच्या पोटावरची, तारा बांधलेली लाकडी पट्टी) जागा बदलत चार-पाच वेळा. परत ट्यूनर बघा, सूर चांगलाच खाली आलेला असेल. चढवा, परत ओढा. ओढूनही सूर फारसा हलेनासा झाला की ती तार झाली. हिसके मारू नका, ब्रिजची गाठ सुटेल किंवा तार दुखावेल.

आणि एक सल्ला जो कुणीतरी प्रत्येक नवशिक्याला देतो आणि जो साफ चुकीचा आहे: "वाजवून झालं की तारा सैल करून ठेव, वाद्यावर ताण नको." युकुलेले त्या ताणासाठीच बनवलेलं असतं. रोज सैल केल्या तर तारा कधीच बसणार नाहीत आणि तुम्ही कायम पहिल्याच दिवशी राहाल. फार दिवस ठेवून द्यायचं असेल, किंवा पुढे सांगतो तसं ब्रिज उचकटतोय असं दिसलं, तरच सैल करा.

हवा

एसीच्या खोलीतून बाहेर, गारठ्यातून उबेत, कोरड्यातून दमटात नेलं की सूर हलणारच, लाकूड आणि नायलॉन दोन्ही हवेतला ओलावा धरतात. नेल्या नेल्या ट्यून करू नका, पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. उन्हात बंद गाडीत तर कधीच ठेवू नका, तिथे प्रश्न सुराचा नसतो, ब्रिजचा गोंद मऊ पडण्याचा असतो.

तार कुठेतरी सरकतेय का

आठवडा होऊन गेला, तारा ओढून झाल्या, तरी एकच तार उतरतेय, बाकीच्या तीन ठीक. मग ती कुठल्यातरी टोकाला सरकतेय. कुठल्या ते असं शोधा: तार खुंटीच्या दांड्यातल्या भोकातून बाहेर येऊन शेपटी उरते तिथे, अगदी भोकाच्या कडेला, पेनाने एक ठिपका द्या. ब्रिजमागे गाठीतून उरलेल्या शेपटीवरही गाठीच्या कडेला तसाच ठिपका. दुसऱ्या दिवशी बघा. वरचा ठिपका भोकात आत गेला तर खुंटीवर सरकतेय, खालचा गाठीत गडप झाला तर गाठ सरकतेय. दोन्ही जागच्या जागी आणि सूर मात्र खाली, तर तार सरकत नाहीये, पुढच्या पायरीवर या.

खुंटीवर सरकत असेल तर सैल करून परत गुंडाळा, दोन-तीन वेढे, एकमेकांवर न चढता खाली खाली जाणारे. एकच वेढा असेल तर पकड नसते आणि आठ-दहा वेढ्यांचं गुंडाळं असेल तर ते दाबलं जात राहतं, दोन्हीत सूर उतरतो. गाठ सरकत असेल तर सोडून परत बांधा, शेपटी ब्रिजच्या मागच्या कडेच्या खाली दाबली गेली पाहिजे, वरच्या अंगाला नाही. पहिल्या बारीक तारेला एक पीळ जास्त द्या, ती गुळगुळीत असते.

खुंटी उलटी फिरते

खुंट्या दोन जातीच्या. एकीत दाते असतात, बाजूला कान निघालेले असतात, ती सहसा उलटी फिरत नाही. दुसरी सरळ मागे निघालेली, बिनदात्याची, फक्त घर्षणावर थांबणारी, जुन्या पद्धतीच्या सोप्रानोवर दिसते. ही फिरत असेल तर तिच्या मागच्या टोकाला स्क्रू असतो, तो पाव आटा घट्ट करा आणि बघा, अजून पाव करा आणि बघा. एकदम कसलात तर खुंटी जाम होते आणि सूर बारीक बारीक हलवता येत नाही. या खुंट्या हाताने जेवढ्या फिरवाल तेवढ्याच फिरतात, त्यामुळे केसभर हललं तरी सूर बराच हलतो, याची सवय करून घ्यावी लागते, दुसरा उपाय नाही.

दातेवाल्या खुंटीचा स्क्रू हलत असेल तर तोही तसाच हलक्या हाताने. स्क्रू लाकडात गोल गोल फिरतोय, पकडतच नाही, तर तिथेच थांबा, भोक मोठं झालंय.

टक् आवाज आणि उडी

तार नटच्या खाचेत अडकतेय. खुंटीकडचा ताण वाढतो पण नटच्या पलीकडे पोचत नाही, मग एकदम सुटते. हीच अडकलेली तार वाजवता वाजवता सुटली की सूर आपोआप चढतो किंवा उतरतो आणि दोष खुंटीला मिळतो. तार सैल करा, खाचेतून उचलून बाजूला घ्या, मऊ पेन्सिलचं टोक खाचेत चार-पाच वेळा घासा, शिसं वंगणासारखं काम करतं, तार परत बसवा. एवढ्याने गेलं तर उत्तम. नाही गेलं तर खाच अरुंद आहे, आणि ती कानस घेऊन स्वतः रुंद करायला जाऊ नका. खाच केसभर जास्त खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटला लागून खरखरते आणि मग नटच बदलावा लागतो.

मोकळ्या तारा बरोबर, कॉर्ड बेसूर

आधी स्वतःचं बोट. ट्यूनर लावून पहिली तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा, सी यायला पाहिजे. आता मुद्दाम जोर वाढवा आणि सुई बघा, उजवीकडे सरकेल. तारेला बाजूला ढकललं तरी तेच. सोप्रानोची वाजणारी लांबी जेमतेम १३ इंच असते, एवढ्या आखूड तारेवर थोडा जोरही सूर बिघडवतो. बोट फ्रेटच्या पट्टीच्या लगेच मागे ठेवा, सरळ खाली दाबा, स्वच्छ आवाज निघेल तेवढाच जोर. गिटारवाल्यांना हे जास्त जड जातं.

बोट हलकं करूनही सूर चढाच येतोय तर दोन चाचण्या. पहिली, तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटची पट्टी आणि तार यातली फट बघा. कागद कसाबसा जाईल एवढी असेल तर ठीक, चांगली मोकळी दिसत असेल तर नट उंच आहे, म्हणूनच पहिल्या तीन फ्रेटवरच्या कॉर्ड बेसूर आणि वर गेलं की बऱ्या. स्वस्तातल्या युकुलेलेंवर हा दोष सर्रास असतो. दुसरी चाचणी, बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या अगदी वर बोट नुसतं टेकवून तार छेडा, घंटेसारखा सूर निघेल, मग तीच तार बाराव्यावर दाबून वाजवा. दोन्ही एकच सूर पाहिजेत. चार-पाच सेंटचा (एका फ्रेटच्या अंतराचे शंभर सेंट) फरक सोडून द्या, पंधरा-वीस सेंट असेल तर आधी तारांवर संशय घ्या.

तारा बदलणे

तारेच्या खालून बोट फिरवा. फ्रेटच्या जागी खड्डे लागत असतील, खरखरीत झाली असेल, तर ती आता एकसारख्या जाडीची राहिलेली नाही आणि सूरही एकसारखा देणार नाही. चारही एकत्र बदला. संच घेताना साइझ बघा: नटपासून सॅडलपर्यंत (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पातळ पट्टी) मोजा, साधारण १३ इंच सोप्रानो, १५ कॉन्सर्ट, १७ टेनर, १९-२० बॅरिटोन. बॅरिटोन निघालं तर तुमचं कोडं तिथेच सुटलं, त्याचं ट्यूनिंग डी-जी-बी-ई आहे आणि त्याच्या तारा जी-सी-ई-ए ला खेचायला गेलात तर तुटणारच. आणि गिटारच्या स्टीलच्या तारा युकुलेलेवर कधीही लावू नका, ब्रिज उखडून हातात येतो.

इथे थांबा

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा सरकवून बघा. आत जात असेल तर ब्रिज सुटतोय. त्याच क्षणी चारही तारा सैल करा आणि दुरुस्तीला द्या, घरात असेल तो गोंद ओतू नका, तो खरवडून काढायचं कामच नंतर दुप्पट होतं. लाकडाला चीर गेली असेल, मान वाकलेली दिसत असेल, बाराव्या फ्रेटवर तार पट्टीपासून ३ मिलिमीटरच्या बरीच वर असेल, नट उंच असेल, खुंटीचं भोक मोठं झालं असेल, किंवा नव्या तारा लावूनही बाराव्या फ्रेटचा सूर चढाच येत असेल, तर पुढचं काम घरचं नाही. गिटार-व्हायोलिन दुरुस्त करणारा कुणीही चांगला कारागीर हे करतो, युकुलेलेवालाच शोधायला पाहिजे असं नाही.

देण्याआधी खर्च विचारा, कारण अगदी स्वस्त वाद्य असेल तर सेटअपचा खर्च वाद्यापेक्षा जास्त होऊ शकतो. नट उंच असेल तर तरीही करून घ्या, त्याने वाद्य सगळ्यात जास्त सुधारतं. मान वाकली असेल तर मी तरी पैसे घालणार नाही. आणि नुसतं "सुरात राहत नाही" सांगू नका, कुठली तार, कुठल्या फ्रेटवर, किती सेंट चढी, हे कागदावर लिहून वाद्याबरोबर द्या.